बेल्ह्याची पुण्यवान जीप

शुक्रवार, ८ मे १९९८
बेल्हे

लग्नाला तीन दिवस झाले आणि आज कुठे वही उघडायला सवड मिळाली. ही वही बाबांनी बार्शीहून निघताना हातात ठेवली. म्हणाले, टीना, सासरी भांडायला कुणी सापडलं नाही तर हिच्याशी भांड. बाबा मला पक्कं ओळखून आहेत.

पण भांडावं असं इथे काही नाही. भर पेठेत घर आहे. खाली धान्य-किराण्याचं दुकान, वर आम्ही, मागे अंगण आणि गोदाम. सासरे खेमचंदशेठ पहाटे सामायिक, म्हणजे ध्यान, करून दुकानात उतरतात ते थेट जेवायलाच वर येतात. सासूबाईंचं, म्हणजे कस्तुरबाईंचं, सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना जेवू घालायचं वेळापत्रक घड्याळाला लाजवेल. तीन पिढ्या इथे काढल्यामुळे या घरात देवाचं तेवढं मारवाडीत चालतं, बाकी रागावणं, लाडावणं सगळं मराठीत. पारस कमी बोलतो आणि पुष्कळ हसतो. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. वहीत मात्र पारसच.

आज अंगणात पापड वाळत घालायला गेले तर गोदामाच्या आडोशाला ताडपत्रीखाली काहीतरी भलंमोठं झाकलेलं. ओढली ताडपत्री. जीप! मिलिटरीच्या लिलावातली, कापडी टपाची, दाराऐवजी साखळ्या लावलेली. बाबांकडे अशीच होती. सोळाव्या वर्षी मी ती चालवायला शिकले तेव्हा तिन्ही आत्यांनी डोक्याला हात लावला होता. चढले आणि बसले स्टिअरिंगवर. वर बघते तर गॅलरीत पारस उभा. मी जीभ काढून दाखवली. तो हसला नाही, आत निघून गेला.

रविवार, १० मे

जीपची कथा कळली. सासूबाईंनी पोळ्या लाटता लाटता सांगितली, आणि सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता.

चार वर्षांपूर्वी, असाच मे महिना, सोमवारचा बाजार. आणे गावची सरूबाई नावाची एक बाई बाजार करून पायी घरी चालली होती. आणे घाटाच्या पायथ्याशी तिला कुठलीतरी गाडी उडवून पळून गेली. बिचारी रस्त्याखालच्या चरात दिवसभर पडून. संध्याकाळी पाचला पारसला ती दिसली. त्याने उचलून जीपमध्ये घातली, पुढच्याच सीटवर, आणि आळेफाट्याच्या दवाखान्यात नेली. तोवर तिचा जीव गेला होता. पण परक्या बाईसाठी एवढं कोण करतं? गावाने शाल-श्रीफळ दिलं, पेपरात फोटो आला. तेव्हापासून लोक या जीपला पुण्यवान म्हणतात. मग चार वर्षं झाकून का ठेवली, असं मी विचारलं. पारसने मनाला लावून घेतलं, म्हणाल्या.

मला नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! आमच्यात लग्नानंतर जोडप्याने राजस्थानात कुलदेवीला धोक द्यायला, म्हणजे पाया पडायला, जायचं असतं. सगळे रेल्वेचं बोलत होते. मी जाहीर करून टाकलं की आम्ही जीपने जाणार. कल्याण, गुजरात, मग राजस्थान, मुक्काम करत करत. पारस नाही म्हणाला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा ओरडलाच. सासरे म्हणाले, अरे, सुनेची हौस आहे, पुण्याची गाडी आहे, जा की. त्याने मान डोलावली आणि दुकानात उतरला. हट्ट करावा तर असा, की समोरच्याला कारणच सांगता येऊ नये.

गुरुवार, १४ मे

आज निघालो, आणि आजच परत आलो. हसावं की रडावं तेच कळत नाही.

भागू मिस्त्रीने तीन दिवस जीप खोलून ठेवली होती. म्हणाला, काही करावंच लागलं नाही. "चार वर्सं हुबी आसलेली गाडी आर्ध्या च्यावीवर सुरू व्हत न्हाई, वैनी. ही वाटच बघत व्हती तुमची." सासूबाईंनी खाकरे, मेथीच्या पुऱ्या, लोणचं असं आठ दिवसांचं बांधून दिलं. नारळ फोडला आणि दहाला निघालो. पारस चालवत होता, मी शेजारी.

आळेफाटा झाला, ओतूर आलं. तिथून सरळ माळशेज घाट. पारसने जीप डावीकडे ओझरच्या रस्त्याला घातली. मला वाटलं, लांबचा प्रवास, विघ्नहराचं दर्शन घ्यायचं असेल. पण ओझरला तो थांबलाच नाही. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. मी विचारलं, मग रागावले, मग दंडाला धरून हलवलं. तो घामाघूम होऊन नुसता समोर बघत होता. मंचरहून लोणी, लोणीवरून आडवाटेने परत बेल्हे. जीप आमच्या दारावरून पुढे गेली, आणे घाटाच्या पायथ्याशी आपसूक बंद पडली. घड्याळात पाच वाजले होते.

पारस म्हणतो, स्टिअरिंग ओढत होतं. दीडशेक किलोमीटर फिरलो, पण डिझेलचा काटा जिथल्या तिथे. काटा बिघडला असणार.

शनिवार, १६ मे

आज दुसऱ्या वाटेने. आळेफाट्यावरून उत्तरेला, नाशिकचा रस्ता. मैलाचे दगड मोजत मी टक्क जागी होते. एकदाच डोळ्यात कचरा गेला म्हणून पदराने डोळा पुसला. पदर खाली घेतला तर समोर ओतूर. ओतूर या रस्त्यावर नाहीच.

मग तेच. ओझर, नारायणगाव, मंचर, लोणी, आणि पाच वाजता घाटाचा पायथा.

मला आज फार तहान लागली. तीन बाटल्या संपवल्या तरी घसा कोरडा. डाव्या बरगडीत अशी कळ येत होती की श्वास घेववेना. घरी उतरले की दोन्ही गायब. आणि माझी सीट ओली असते. तेल नाही, पाणी नाही. हात लावला तर कोमट लागतं.

पारसला दाखवलं तर तो बघेचना. नजर चुकवतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं काहीतरी आहे. मी छडा लावणार.

सोमवार, १८ मे

सगळं लिहून ठेवते.

मीच हट्टाला पेटले म्हणून तिसऱ्यांदा निघालो. ओतूरला एका दवाखान्याची पाटी दिसली, लाल फुलीची. माझं तोंड उघडलं आणि आतून वेगळाच आवाज आला. खरखरीत, वयस्कर बाईचा.

"हितं थांबवा की, भाऊ. पानी तरी पाजा."

मी म्हटलेलं नाही. देवाशपथ मी म्हटलेलं नाही. आणि पारसने रस्त्यावरची नजरही न काढता लगेच उत्तर दिलं.

"थांब मावशी, पुढं मोठा दवाखाना आहे."

पाठ केल्यासारखं. नारायणगावला पाटी दिसली, तेव्हा तेच. मंचरला तेच. दर खेपेला माझा आवाज बारीक होत गेला. लोणीनंतर मला बोलताच आलं नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

पायथ्याशी जीप थांबली आणि पारस स्टिअरिंगवर डोकं आपटून रडायला लागला. मग बोलला. सरूबाईला दुसऱ्या कुठल्या गाडीने उडवलं नव्हतं. यानेच उडवलं होतं, सकाळी साडेदहाला. ती शुद्धीवर होती. त्याने तिला पुढच्या सीटवर बसवलं, दवाखान्यात न्यायलाच. आळेफाट्याला दवाखान्यासमोर ओळखीची माणसं दिसली आणि हा पुढे गेला. ओतूरला धीर झाला नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की ही बाई बोलली तर आपण तुरुंगात. नाही बोलली तर—

साडेसहा तास. मे महिन्याच्या उन्हात, दवाखान्यांच्या दारांवरून. ती पाणी मागत होती, पायाशी बाटली होती, आणि हा देत नव्हता. लोणीच्या पुढे ती गेली. मग परत येऊन आळेफाट्याला नेऊन ठेवली आणि सांगितलं, आत्ताच चरात सापडली.

याच हाताने याने माझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलंय.

मंगळवार, १९ मे

घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सीट सासूबाईंनी स्वतः धुतली होती, सोडा लावून. म्हणाल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची, तू आता या घरची आहेस. सासरे म्हणाले, पोरगं बावीस वर्षांचं होतं, घाबरलं. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर तुझ्यासारखी मुलगी याला मिळाली असती का?

म्हणजे सरूबाई मेली म्हणून मी इथे आले! मी असं म्हटलं तर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. आणि जेवायची वेळ झाली म्हणून ताटं घेतली.

मी जेवले नाही. भीती गेली आहे माझी. राग आहे नुसता.

गुरुवार, २१ मे

एसटीने एकटी आण्याला गेले. घरी सांगितलं नाही.

सरूबाईचा नवरा सोपानभाऊ. रस्त्याला लागूनच घर, दारात कडुलिंब. मी पारसची बायको म्हटल्यावर माणूस गहिवरला. खाटेवर घोंगडी अंथरली, पाणी दिलं, पाया पडायला वाकला. मीच मागे सरले. म्हणाला, "लई उपकार हायेत पारसशेठचे. सात घंटे उनात पडली व्हती माजी सरू, कुत्रं फिरकलं न्हाई. तुमचा मालक देवावानी आला."

मग त्याने दहाव्याची गोष्ट सांगितली. ओढ्याच्या काठी पिंड ठेवला, बाभळीवर कावळे बसलेले, पण एक शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. भावकीने एकेक बोलून बघितलं. पोरीचं लग्न थाटात करू, म्हातारीला अंतर देणार नाही, शेळ्या विकणार नाही. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, तिला गाडीत घातलं, पण घरी काही पोचली नाही, पारसशेठला बोलवा. याला आणलं. आम्हा जैनांत पिंड नाही, कावळा नाही. याला काय, लवकर सुटायचं होतं. लोकांनी सांगितलं तसं हात जोडून म्हणून टाकलं, "मावशी, परत एकदा याच गाडीत बसून आपण दोघं निघू. तुला घरापर्यंत आणतो." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा झेपावला.

सोपानभाऊ डोळे पुसत म्हणाला, "आमी समदे रडलो बगा. तिला तुमच्या मालकाचीच आस व्हती."

मी तोंड उघडलं होतं सांगायला. मिटलं. हे माझ्या तोंडून नको. ज्याने केलं त्याने या माणसासमोर उभं राहून सांगितलं पाहिजे.

शनिवार, २३ मे

ठरवलंय. तिला घरी यायचंय, आणि याने शब्द दिला आणि गाडी झाकून ठेवली. म्हणून जीप आम्हाला फिरवते आहे. तर शब्द पुरा करायचा. सोमवारी मी चालवणार, पारस तिच्या सीटवर बसणार. सरळ आण्याला, दहा-बारा किलोमीटर, सोपानभाऊच्या दारात. तिथे याने सगळं बोलायचं. नाहीतर मी गावच्या चावडीवर बोलेन आणि बार्शीला निघून जाईन, मग राहू दे शाल आणि श्रीफळ.

तो हो म्हणाला. चार वर्षांत झोपलो नाही, म्हणाला. मला दया आली नाही. खरं लिहायचं तर त्या सीटवर बसून त्याला थोडी तहान लागावी, बरगडी दुखावी, असं मला फार वाटतंय. फार.

सोमवार, २५ मे
साडेअकरा

आण्याकडे वळवलीच होती. पूर्वेला. स्टिअरिंग हातातून फिरलं. आळेफाटा गेला. आता ओतूरच्या अलीकडे रेडिएटर तापून जीप उभी आहे, माळावर, म्हणून लिहिते.

साखळी निघत नाही, वरून-खालून अंगही बाहेर जात नाही. दोघांच्याही बाजूची. टपाचं कापड कडक झालंय, पत्र्यासारखं.

पारसला तहान लागली आहे. डावी बरगडी धरून वाकलाय. बाटली माझ्या पायाशी आहे. माझा हात वहीकडे जातो, बाटलीकडे जात नाही.

की मीच नेत नाही? नक्की सांगता येत नाही.

एक वाजला

ओझरच्या पुढे. परत उभी.

ओतूरला दवाखाना आला तेव्हा तो ओरडला, टीना, थांबव. माझा पाय ब्रेकवर होता. दाबला की नाही, आठवत नाही. रस्त्यावरचे लोक हात करत होते. रामराम, पारसशेठ! तो समोरच्या काचेवर मुठी आपटत होता आणि लोकांना वाटलं, तोही हात करतोय.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते. त्या क्षणी मला बरं वाटलं.

अडीच

मंचर गेलं. त्याचे ओठ फुटलेत. पाणी, पाणी. मला मावशी म्हणतोय.

आत्ता लक्षात आलं. तो असाच मेला तर पुण्यवान म्हणून मरेल. पेठ बंद ठेवतील. फोटोला हार घालतील. सोपानभाऊ खांदा द्यायला येईल. सरूबाई चरातच पडलेली राहील, कायमची.

त्याला जगायला पाहिजे. बोलता आलं पाहिजे. बाटली— मी वाकते आहे, पण हात—

सरूबाई, ऐका. मी तुमच्याच बाजूची आहे. एक घोट पाजू द्या. बोलण्यापुरता.

चार

लोणी मागे पडली. तो अजून आहे. श्वास शिट्टीसारखा वाजतो. मी सारखी सांगते आहे, धीर धर, घरी चाललोय, तिच्या घरी.

पावणेपाच

बेल्हे ओलांडलं. दारात सासूबाई. हात जोडून उभ्या. मी किंचाळले. त्यांनी मान हलवली, हसल्या.

पायथा. थांबली नाही! पहिल्यांदाच थांबली नाही, घाट चढते आहे. घरी नेते आहे. सुटलो. पारस, डोळे उघड. बोलायचंय तुला—

पाच

लिंब दिसतो. सोपानभाऊ रस्त्यावर आलाय. जीप ओळखली त्याने. हातात पाण्याचा तांब्या, पाहुण्यांसाठी. पारसने बघितला तांब्या. हात पुढे केला. मी ब्रेक दाबते आहे. दोन्ही पायांनी—

थांबली नाही.

दारावरून गेली.

तो मागे धावतोय. पाणी सांडतंय त्याचं. शेठ, थांबा, घर मागं राह्यलं—

तिला घरी यायचंच नव्हतं. कुणालाच कळलं नाही. 'घरापर्यंत आणतो' या शब्दाला कावळा शिवला नव्हता. परत एकदा, याच गाडीत, आपण दोघं— त्याला शिवला होता.

पठार. उतार आलाय. मी स्टिअरिंग केव्हाच सोडलंय, म्हणून तर लिहिता येतंय. पारस माझ्याकडे बघतोय. माझ्याकडे नाही. माझ्या जागी कोण आहे त्याच्याकडे. त्याला मी सांगते आहे की मी टीना आहे, मला उतरू दे, मी काही केलं नाही, आणि माझ्या तोंडातून तोच खरखरीत आवाज, थांबा, भाऊ, पुढं मोठा दवाखाना